गोल्फचा स्विंग सुधारायचाय? डोकं रिकामं करा आणि रांगोळी घेऊन या

आधी माझी कहाणी सांगतो, म्हणजे हे कोणी मोठा प्रो सांगून नाही राहिला हे तुमच्या लक्षात येईल. मी नागपूरचा, चाळिशी ओलांडलेली, दिवसभर खुर्चीवर बसून काम, आणि गोल्फ सुरू केलं ते ऑफिसातल्या एका साहेबांनी रविवारी सोबत नेलं म्हणून. पहिल्याच दिवशी चुकून एक बॉल असा लागला की हाताला काही जाणवलंच नाही, नुसता टक् आवाज आला आणि बॉल हवेत, आणि मी तिथेच फसलो. पुढचे आठ महिने तसा बॉल परत लागला नाही.

त्या आठ महिन्यांत मी काय केलं, तर रोज रात्री जेवण झाल्यावर व्हिडिओ बघितले. मोबाईलच्या नोट्समध्ये अकरा सूचना लिहून ठेवल्या होत्या. डावा हात सरळ, उजवं कोपर बरगडीला चिकटून, डोकं हलवायचं नाही, कंबर आधी फिरली पाहिजे, मनगट अमुक वेळी वाकलं पाहिजे, असं बरंच काही. बॉलसमोर उभा राहिलो की ही यादी मनात म्हणायचो, आणि एकदा इतका वेळ उभा राहिलो की मागून कॅडी, म्हणजे बॅग घेऊन सोबत चालणारा, म्हणाला, "साहेब, मारून राहिले का ध्यान करून राहिले?" मारला, आणि बॉल जागच्या जागी. क्लब, म्हणजे मारायचा दांडा, वरून निघून गेला.

माझं डोकं उघडलं ते मात्र भलत्याच ठिकाणी. भाचीला स्कूटी शिकवत होतो, आमच्या लेआउटमधल्या रिकाम्या रस्त्यावर. ती हँडल असं आवळून धरायची की बोटं पांढरी पडायची, आणि नजर पुढच्या चाकावर, त्यामुळे गाडी सापासारखी. मी ओरडून ओरडून थकलो, खांदे सैल सोड, कोपर वाकव, पाय आत घे, काही फरक नाही. शेवटी वैतागून म्हणालो, "ते सगळं सोड, तो समोरचा पानठेला दिसतो ना, तिथे जाऊन थांब." आणि पोरगी सरळ गेली. खांदे आपोआप खाली, कोपर आपोआप वाकलेलं. घरी येताना माझ्या डोक्यात एकच, की मी स्वतःला काहून असा पानठेला देत नाही?

हा लेख त्या पानठेल्याबद्दल आहे. स्विंग, म्हणजे क्लब मागे नेऊन पुढे फिरवणं, सुधारायचा तर अंगाला सूचना देणं बंद करायचं, आणि अंगाबाहेरचं एक छोटं काम द्यायचं, तेही सैल अंगाने.

हे चालतं काहून, दोन मिनिटं

वरून खाली येणारा क्लब बॉलपर्यंत पोचायला साधारण पाव सेकंद घेतो. काही दिसलं, डोक्याने ठरवलं आणि हात हलला, एवढ्यालाच माणसाला जवळपास तितका वेळ लागतो. म्हणजे क्लब खाली येत असताना "अरे कोपर सुटलं" असं वाटेपर्यंत बॉल निघून गेलेला असतो. मधे दुरुस्ती करायला जागाच नाही. जे काय ठरवायचं ते आधी, आणि नंतर सोडून द्यायचं. आपण काय करतो, तर मधेच ब्रेक दाबतो, आणि त्या ब्रेकमुळेच अंग आखडतं.

यावर अभ्यासही झालेला आहे. गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये नवशिक्यांना ९ आयर्नने (तिरप्या तोंडाचा क्लब) छोटे पिच शॉट, म्हणजे जवळचे उंच फटके, मारायला लावले. एका गटाला सांगितलं की हात कसे फिरताहेत तिकडे लक्ष द्या, दुसऱ्याला सांगितलं की क्लब कसा फिरतोय तिकडे. फरक इतकाच. क्लबकडे लक्ष देणाऱ्यांचे बॉल टार्गेटच्या जास्त जवळ पडले, आणि दुसऱ्या दिवशी काही न सांगता परत मारायला लावलं तेव्हाही तेच पुढे. लहानपणी चिंच पाडायला दगड मारायचो तेव्हा कोपराचा विचार कोणी केला होता का बे? चिंचेकडे बघायचं आणि हाणायचं.

१. सामान आणि कागदपत्रं (इथे पैसे उडवू नका)

पहिल्या सहा महिन्यांसाठी लागतं ते एवढंच:

- सेकंड हँड ७ आयर्न (मधल्या अंतराचा क्लब), एक वेज (जवळच्या उंच शॉटचा) आणि एक पटर (बॉल जमिनीवरून भोकात ढकलायचा). नियमाने बॅगेत १४ क्लब चालतात म्हणून १४ घ्यायलाच पाहिजेत असं नाही. ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) तर अजिबात नको, त्याचं पुढे सांगतो.
- एका हाताचा ग्लव्ह. उजव्या हाताने खेळत असाल तर तो डाव्या हातात जातो, मी दुकानात उलटा मागितला होता.
- वापरलेले वीस-पंचवीस बॉल, आणि घरासाठी भोकं असलेले प्लास्टिकचे सहा-आठ.
- रांगोळीचा पुडा, टाल्कम पावडरचा डबा, एक दुपट्टा, पाण्याची रिकामी बाटली. हसू नका, खरा कोच हाच आहे.
- वही. मोबाईल नाही, वही.

कागदपत्रांचं म्हणाल तर जिथे खेळायचं तिथे आधी फोन करून विचारा, पण आधार किंवा दुसऱ्या ओळखपत्राची कॉपी आणि दोन पासपोर्ट फोटो बॅगेत ठेवूनच द्या. बऱ्याच गोल्फ क्लबात पाहुणा म्हणून जायला एका मेंबरची ओळख लागते. कोर्स, म्हणजे गोल्फचं मैदान, लष्कराच्या हद्दीत असेल तर गेटवर ओळखपत्राशिवाय आत सोडत नाहीत, आणि आत गेल्यावर फोटो काढत फिरू नका. कॉलरचा टी-शर्ट घाला, गोल गळ्याचा नको, जीन्स नको. मला एकदा गेटवरून परत पाठवलं होतं, सकाळी साडेपाचला, बारा किलोमीटर गाडी चालवून गेल्यावर.

२. हात: स्कूटीचं हँडल आठवा

ग्रिपचे तीन प्रकार आहेत. एक, उजव्या हाताची करंगळी डाव्या बोटांवर टेकवायची, तो जुन्या काळच्या चॅम्पियन हॅरी वार्डनमुळे प्रसिद्ध झाला. दोन, करंगळी आणि तर्जनी एकमेकांत अडकवायची, जॅक निक्लस आणि टायगर वुड्स दोघंही तसंच धरतात. तीन, दहाही बोटं सरळ दांड्यावर, क्रिकेटच्या बॅटसारखी. कोणता घ्यायचा यावर लोक तासन् तास वाद घालतात. जो आरामात बसेल तो घ्या आणि पुढे चला, फक्त क्लब तळव्यात नाही तर बोटांच्या पेरांवर येऊ द्या.

खरी गोष्ट ती दाबाची आहे. दहा म्हणजे जीव खाऊन आवळलं आणि एक म्हणजे क्लब हातातून पडतोय असं धरलं तर तुम्हाला चार पाहिजे. चार म्हणजे किती हे कसं कळणार? क्लब समोर सरळ धरा, आधी दहापर्यंत आवळा, मग हळूहळू सोडत जा, आणि क्लबच्या टोकाचं वजन ज्या क्षणी जाणवायला लागतं तिथे थांबा. आवळलेल्या हाताला ते वजन जाणवतच नाही, क्लब म्हणजे नुसती काठी वाटते. वजन जाणवलं की अंगाला बरोबर कळतं की फिरवायचं काय आहे.

एक मेख आहे यात. उभं राहताना सगळ्यांचा हात सैल असतो, आवळला जातो तो क्लब मागे जायला निघताना. म्हणून मारण्याआधी तोंडाने श्वास सोडा, हूं करून, आणि दातावर दात असतील तर ते सोडा. जबडा आवळलेला असला की हात आवळलेलाच असतो, स्वतःवर करून बघा.

३. लय: ना-ग-पू-र

चांगल्या खेळाडूंचा क्लब मागे जायला जितका वेळ लागतो त्याच्या साधारण एक तृतीयांश वेळात तो खाली बॉलपर्यंत येतो. तिनास एक. नवीन माणूस मागे झटक्यात नेतो, वर गोंधळतो आणि खाली येताना अजून घाई करतो.

मोजत बसलात तर परत डोक्यात आकडे सुरू होतात म्हणून मी एक जुगाड केला. मनात "नागपूर" म्हणायचं. ना-ग-पू एवढ्यात क्लब वर, आणि र ला बॉल. पू जरा लांबवा, वर थांबायला तेवढी उसंत मिळते. कधी कधी माझं तोंडातून मोठ्याने निघतं आणि शेजारचे लोक बघतात, बघू द्या. पुण्याचा एक मित्र म्हणाला आमच्या गावाला दोनच अक्षरं, आम्ही काय करायचं, मी म्हणालो म्हणूनच तुमचा स्विंग घाईचा आहे.

बॉल न ठेवता असे वीस स्विंग, पाय जवळजवळ जोडून. पाय जोडले की जोर लावताच तोल जातो, त्यामुळे जोर लावायची सोयच राहत नाही.

४. रांगोळीची रेघ (हेच मेन आहे, घाई करू नका)

हे माझ्या आवडीचं, आणि ज्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं ते. आयर्नने चांगला शॉट म्हणजे क्लब आधी बॉलला लागतो आणि नंतर जमिनीला. बॉलच्या पुढे, टार्गेटच्या बाजूला, तीन-चार बोटांवर गवत खरवडलं गेलं पाहिजे. आपलं उलट होतं. आपण बॉल वर उचलायला जातो, म्हणून क्लब मागेच जमिनीत घुसतो, नाहीतर बॉलचं डोकं कापून निघून जातो. बॉल वर उडवायचं काम क्लबच्या पट्टीचा (बॉलला लागतो त्या सपाट भागाचा) तिरपा कोन करतो, आपल्याला उचलावं लागत नाही. हे मला आठ महिने माहीत होतं आणि एकदाही जमलं नव्हतं.

आता काम:

गवतावर रांगोळीची एक सरळ रेघ काढा, दहा स्विंग मावतील इतकी लांब. रेघ टार्गेटच्या दिशेने नाही, तिला आडवी, म्हणजे तुमच्या दोन पायांच्या मधून समोर जाणारी. उजव्या हाताने खेळत असाल तर ती रेघ मध्यापेक्षा किंचित डाव्या पायाकडे. बॉल नाही. रेघेच्या एका टोकाला उभं राहा, स्विंग करा, एक पाऊल पुढे सरका, परत स्विंग, असं रेघेच्या दुसऱ्या टोकापर्यंत. काम एकच, रेघेच्या डावीकडचं गवत कापायचं. कोपर, गुडघा, डोकं, कोणाचंही नाव घ्यायचं नाही.

मग खाली बसून बघा. रेघेच्या उजवीकडे खड्डे असतील तर तुम्ही मागे मारून राहिलेत. रेघेवरून सुरू होऊन डावीकडे गेले असतील तर झालं काम. जमिनीला लागलंच नसेल तर आधी नुसतं गवताला ब्रश मारायचं काम द्या.

माझी पहिली रेघ अजून डोळ्यासमोर आहे. दहा स्विंग, दहाही खड्डे उजवीकडे, काही तर वीतभर मागे, जसं काही कोणी रांगोळीला घाबरून मारलंय. कॅडी उकिडवा बसला, एक खड्डा बोटाने दाखवला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही बॉलले मारून राहिले, घासले मारा ना. बॉल मधात आला तं आला." एवढंच. अकरा सूचनांपेक्षा हे भारी होतं. तिसऱ्या रेघेला चार खड्डे पुढे गेले, पाचव्या रेघेला सहा, आणि कसं झालं ते मला आजही सांगता येणार नाही, कारण मी काही केलंच नाही, फक्त रेघेपलीकडचं गवत कापायचं ठरवलं. नंतर कोणीतरी व्हिडिओ काढला तर वजन आपोआप डाव्या पायावर गेलेलं दिसलं, ज्यासाठी मी आठ महिने डोकं फोडत होतो.

धोके: क्लबच्या ग्राउंडवर आधी माळ्याला विचारा. मी न विचारता रेघ ओढली तर ते काका लांबून येत म्हणाले, "काय पूजा हाय का साहेब इथं?" आता ते मला कोपऱ्यातला एक सुका पट्टा देतात, आणि मी निघताना खड्डे पायाने दाबून जातो. घराजवळच्या मोकळ्या प्लॉटवर करणार असाल तर आधी दगड-गिट्टी बघा, मुरमावर नका करू, क्लबही जातो आणि मनगटही. आणि प्लॉटवर खरा बॉल कधीच नाही, तो फक्त ४६ ग्रॅमचा असतो पण लोकांच्या खिडक्या आणि गच्चीवरच्या टाक्या त्याला पुरत नाहीत. आईच्या डब्यातली रांगोळी पण नका नेऊ, सणाच्या आधी तर नाहीच. दहा-वीस रुपयांचा वेगळा पुडा आणा.

मॅटवर सराव करत असाल तर अजून सावध. मॅटवर क्लब मागे पडला तरी सरकून बॉलला लागतो, आवाजही बरा येतो, आणि माणसाला वाटतं जमून राहिलं. तिथे रांगोळीऐवजी दुपट्टा घडी करून बॉलच्या मागे वीतभर अंतरावर ठेवा. काम: दुपट्ट्याला न लागता बॉल. लागला तर दुपट्टा उडतो, खोटं बोलायची सोय नाही.

५. आता बॉल, पण पावडर लावून

क्लबच्या पट्टीवर टाल्कम पावडर हलकी थापटा, बॉल मारा, आणि बॉलचा ठसा कुठे उमटला ते बघा. मधे, टोकाला, की दांड्याजवळ. बॉल आणि क्लब एकमेकांना लागून असतात तो वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही अर्धा, त्यामुळे हाताला काय वाटलं यावर विश्वास ठेवू नका, ठशावर ठेवा.

काम: ठसा मधे आणायचा. बस. टोकाला येत असेल तर पुढच्या बॉलला मुद्दाम दांड्याजवळ लावून दाखवा, मग मुद्दाम टोकाला, मग मधे. मुद्दाम चुकवता आलं की बरोबर मारता येतं हे मला फार उशिरा कळलं. यात अंग स्वतः शोधतं किती पुढे-मागे व्हायचं, आणि हा एक खेळ होऊन जातो, टेन्शन राहत नाही.

फुल स्विंग नाही हां. क्लब कमरेपर्यंत मागे, कमरेपर्यंत पुढे. दहातले सहा ठसे मधे आले की छातीपर्यंत. मी इथे तीन आठवडे काढले, आणि आजही काही बिघडलं की परत इथेच येतो.

६. बॉल उजवीकडे पळतो त्याचं काय

नव्वद टक्के नवशिक्यांचं हेच रडगाणं (आकडा माझ्या अंदाजाचा, रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, उभं राहून बघा). थोडी थिअरी: बॉल निघतो कुठल्या दिशेला हे मुख्यतः पट्टीचं तोंड कुठे आहे त्यावर ठरतं, आणि हवेत वळतो कुठे ते पट्टीचं तोंड आणि क्लबचा रस्ता यांच्यातल्या फरकावर. स्लाइस, म्हणजे असा उजवीकडे वळणारा बॉल, होतो कारण क्लब बाहेरून आत (बॉलच्या पलीकडून आपल्याकडे) येऊन राहिला आणि तोंड त्या रस्त्याच्या मानाने उघडं, म्हणजे उजवीकडे. आपण काय करतो, बॉल उजवीकडे जातो म्हणून डावीकडे नेम धरतो, मग क्लब अजूनच बाहेरून आत येतो आणि बॉल अजूनच वळतो.

काम: पाण्याची रिकामी बाटली बॉलच्या पलीकडे चार बोटं आणि थोडी मागे उभी करा. बॉल मारायचा, बाटली पडली नाही पाहिजे. बाहेरून आलात तर बाटली आधी उडेल. भरलेली ठेवू नका, मी ठेवली होती, पँट ओली घेऊन घरी गेलो. बाटली वाचायला लागली आणि तरी बॉल उजवीकडेच निघत असेल तर ग्रिपमध्ये दोन्ही हात दांड्यावर किंचित उजवीकडे फिरवून धरा. त्याउपर कोचला दाखवा.

७. टार्गेट: झाड नाही, फांदी

रेंजवर लोक "तिकडे" मारतात. तिकडे म्हणजे कुठे? तुम्ही कडूलिंबाचं झाड निवडा, मग त्यातली एक फांदी. आता बॉलच्या मागे उभं राहून, बॉल आणि ती फांदी या रेषेत बॉलपासून दोन-तीन फुटांवर एक खूण शोधा, वाळकं पान, जुना खड्डा, काहीही. जॅक निक्लस हेच करायचे, आणि त्यांनी १८ मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा, जिंकल्या. दीडशे मीटरवरच्या फांदीकडे तोंड करून उभं राहणं अवघड आहे, दोन फुटांवरच्या पानाकडे सोपं.

मग काम: बॉल त्या पानावरून गेला पाहिजे. पुढे तो कुठे पडतो ते नंतर.

८. एक तास कसा घालवायचा

इथे सगळे चुकतात. शंभर बॉलची बादली घेतात आणि तेच ७ आयर्न घेऊन धडाधड मारतात, साठाव्या बॉलला लय सापडते, खूश होऊन घरी जातात, आणि पुढच्या रविवारी कोर्सवर पहिलाच बॉल झुडपात. याचंही कारण आहे. शे आणि मॉर्गन यांनी १९७९ मध्ये हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली लोकांना शिकवल्या. ज्यांनी एक-एक हालचाल सलग घोकली ते सरावाच्या वेळी पुढे होते, ज्यांनी उलटसुलट केली ते तेव्हा मागे होते, पण नंतर परत तपासलं तर उलटसुलट वाले पुढे. म्हणजे सराव करताना थोडं फसफसलं तर ते बरंच आहे.

माझा तास असा असतो, चाळीसच बॉल:

- पहिली दहा मिनिटं बॉल नाही. अंग फिरवणं, पाय जोडून नागपूर-नागपूर, मग रांगोळीची एक रेघ. कंबर थंड असताना मारू नका, मी एकदा मारून पाच दिवस वाकून चाललो.
- पंधरा बॉल पावडर किंवा बाटली, दोन्ही एकदम नाही. एका वेळी एकच काम.
- वीस बॉल खेळ. प्रत्येक बॉलला क्लब बदलायचा, टार्गेट बदलायचं, मागे जाऊन परत पान शोधायचं. मनात एक होल (सुरुवातीच्या जागेपासून भोकापर्यंतचा एक टप्पा) उभं करायचं, आधी ७ आयर्न, मग वेज. बॉल जिथे गेला असेल तिथून पुढचा शॉट.
- शेवटचे पाच बॉल काहीही, मजा म्हणून. इथे काही सुधारायचं नाही.

दोन बॉलच्या मधे क्लब खाली टेकवा आणि पाण्याचा घोट घ्या. यामुळे चाळीस बॉलला तास पुरतो, आणि हाताला फोडंही येत नाहीत.

९. फसू नका अशा जागा

ड्रायव्हर. सगळ्यात लांब दांडा, पटर सोडला तर सगळ्यात कमी तिरपी पट्टी, चूक सगळ्यात मोठी दाखवतो. पोट्टे लोक पहिल्याच दिवशी तोच काढतात कारण लांब जातो. आपली गोल्फर अदिती अशोक टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथी आली, मेडल अगदी थोडक्यात हुकलं, आणि ती तिथल्या लांब मारणाऱ्यांमध्ये मोडत नव्हती, तिचा जोर बॉल सरळ ठेवण्यावर आणि पटरवर. सहा महिने थांबा.

फुकट सल्ला. रेंजवर तुम्ही दोन बॉल वाकडे मारले की तिसऱ्याला कोणीतरी येतोच. "डोकं उचलून राहिले तुम्ही." हो म्हणा, थँक्यू म्हणा, आणि आपलं काम करा. डोकं उचललं म्हणून बॉल चुकत नाही बाप्पा, बहुतेक वेळा अंग बॉल उचलायला गेलं म्हणून डोकं वर येतं.

कोच. चांगला कोच मिळाला तर घ्याच, हे सगळं त्याच्या ऐवजी नाही. पण एका कोचने मला पहिल्या अर्ध्या तासात सात गोष्टी बदलायला लावल्या आणि पुढच्या दहा क्लासचे पैसे आगाऊ मागितले. आधी एक क्लास घ्या. तो तुम्हाला एक काम देऊन ते करताना बघत असेल तर पैसे भरा.

प्रत्येक शॉटचा व्हिडिओ. पंधरा दिवसांतून एकदा काढा, घरी बघा. रेंजवर बघाल तर परत अंगात घुसाल. तसंही सुंदर दिसणं आणि बॉल लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अॅलन शेपर्डने १९७१ मध्ये चंद्रावर स्पेससूट घालून एका हाताने ६ आयर्न फिरवलं होतं, दोन्ही हात जवळ येत नव्हते म्हणून, आणि बॉल गेला.

१०. कोर्सवर गेल्यावर

इथे सराव नाही. एकच काम घेऊन जा, माझं बहुतेक वेळा "पानावरून" हेच असतं. श्वास, पान, नागपूर. पंधरा सेकंदात मारून मोकळं. वाईट गेला तर बॅगेपर्यंत चालत जाईपर्यंत शिव्या देऊन घ्या, बॅगेत क्लब गेला की विषय बंद.

घरी आलं की वहीत तीन ओळी. कोणतं काम दिलं, किती जमलं, अंग कुठे आखडलं. माझ्या वहीत सतरा वेळा एकच वाक्य आहे, "शेवटच्या तीन होलला ग्रिप आवळली." थकवा आला की हात आवळतो, म्हणून आता बाराव्या होलला केळं खातो.

११. नागपूरचं हवामान

एप्रिल-मे मध्ये साडेपाचला ग्राउंडवर, आठ वाजता घरी, याला दुसरा पर्याय नाही. पंचेचाळीस डिग्रीत सैल अंग वगैरे काही राहत नाही, घामाने ग्रिप सरकते आणि माणूस आपोआप आवळतो. दोन ग्लव्ह ठेवा, एक सुकत घालायला. दुपट्टा तुमच्याकडे आहेच, परत येताना डोक्याला बांधा. माझे सासरे खिशात कांदा ठेवायला लावतात, ठेवतो, पण मिठ-साखरेचं पाणी जास्त कामाचं.

डिसेंबर-जानेवारी बेस्ट. फक्त सकाळी दव असतं, बॉल आणि पट्टीच्या मधे पाणी आलं की बॉलला फिरकी कमी मिळते आणि तो कधी कधी भलताच लांब जातो, तेव्हा पट्टी पुसा आणि त्या दिवशीची अंतरं वहीत लिहू नका.

पावसाळ्यात आपली काळी माती. क्लब मागे पडला तर तो निघतच नाही, मनगटाला असा झटका बसतो की आठवडा गेला. त्या दिवसांत नुसतं चिपिंग (जवळचे हलके शॉट) आणि पटर, किंवा मॅट आणि दुपट्टा. उघडीप मिळाली आणि रेघ ओढायचीच असेल तर ओल्या गवतावर रांगोळी दिसत नाही, तिथे चुना चालतो. हाताला लागला तर लगेच धुवा, आणि चुना हातात घेण्याआधी ग्लव्ह काढून ठेवा, माझा एक चांगला ग्लव्ह तसाच कडक होऊन गेला.